नमुन्याच्या तीन गोण्या

“हा नको.”

आनंदरावांनी हिरडा उन्हाकडे धरला, सालीवरचा काळा डाग पाहिला आणि मागं फेकला. पुढचा पिवळाधमक निघाला. तो त्यांनी अलगद गोणीत ठेवला.

गुंजवणे गावात भामाबाईच्या पडवीत ते सकाळपासून बसले होते. समोर डोंगरातून वेचून, वाळवून आणलेल्या हिरड्याची रास आणि भोवती वेचणाऱ्या सात-आठ बायका. निवडायचं काम मात्र आनंदराव एकटेच करत होते. दुसऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता.

तसं त्यांचंही खरंच होतं म्हणा. अमेरिकेत कातडी कमावायचे कारखाने वर्षागणिक वाढत होते आणि हिरड्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं. मुंबईची एक कंपनी तिकडं माल धाडायला निघाली होती. तिला भोर संस्थानातला हिरडा मिळवून द्यायचं काम आनंदरावांकडे आलं होतं, तेही एका हंगामापुरतं. आधी नमुन्याच्या तीन गोण्या पाठवायच्या. पसंत पडल्या तर दरसाल दोनशे गोण्या, आणि आनंदराव कायमचे एजंट. नापसंत पडल्या तर कंपनी कोल्हापूरकडं वळणार, आनंदराव घरी बसणार आणि या बायकांचा हिरडा पूर्वीसारखा मातीमोल भावानं जाणार. हे बायकांनाही ठाऊक होतं.

“सायेब, एक बोलू का?” भामाबाई म्हणाली. तिची चाळीस वर्षं हिरडा वेचण्यात गेली होती. “रंगावर जाऊ नगा. हातात झेलून बगा. आतून किडं लागलं आसंल तर हलका लागतो. कानापाशी हलवला तर कळतंय बी.”

“भामाबाई, अमेरिकेतला गोरा काय हिरडा कानाला लावून बसणार आहे? माल कसा डोळ्यात भरला पाहिजे!”

“व्हय,” भामाबाई म्हणाली. तिची जाऊ पारूबाई हिनं पदर तोंडाला लावला. हसू कुणाचं आलं होतं, ते काही कळलं नाही.

उन्हं कलायच्या आत तीन गोण्या भरल्या. प्रत्येकीत आनंदरावांनी स्वतः लिहिलेली एकेक चिठ्ठी टाकली. मग दाभण घेऊन गोण्या शिवल्याही स्वतःच. टाके वाकडेतिकडे पडले. भामाबाईनं ते पाहिले.

“गाडी कधी निघणार?” आनंदरावांनी विचारलं.

“परवा,” भामाबाईचा नवरा हैबती म्हणाला. “चाकाची लोखंडी धाव ढिली झालीय, ती बसवून घेतो. परवा कापूरहोळला जाऊन मोटारीत चढवून देतो बगा. घोर करू नगा.”

“आन् ह्यो टाकाऊ ढीग?” भामाबाई म्हणाली. “आमाला ऱ्हाऊ द्या. खोकल्याला लागतो.”

“एवढा? सगळ्या पंचक्रोशीला खोकला झालाय की काय!” आनंदराव मोठ्यानं हसले. बायकाही हसल्या. “घ्या, खुशाल घ्या.”

त्यानंतरचे साडेतीन महिने आनंदरावांनी भोरात कसे काढले, ते त्यांचं त्यांनाच माहीत. पोस्टमन आळीत शिरला की हे दारात. “अहो, तो बिचारा आता तुम्हाला चुकवून पलीकडच्या बोळानं जातो,” त्यांची बायको चंद्राबाई म्हणायची.

शिमगा झाला आणि एकदाचं कंपनीचं पत्र आलं.

‘माल अत्यंत सरस. तिन्ही गोण्यांत एकही फळ किडके निघाले नाही. शिवणही घट्ट. निवड करणारास आमची शाबासकी कळवावी. दोनशे गोण्या भराव्यात. मात्र गोणीत चिठ्ठी आढळली नाही, ती पुढील खेपेस न विसरता घालावी.’

आनंदरावांनी पत्र चारदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

“चिठ्ठ्या मात्र टाकल्या होत्या मी,” ते चंद्राबाईला म्हणाले. “मुंबईच्या गोदीत उंदरांनी खाल्ल्या असतील.”

दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन ते गुंजवण्याला पोचले. पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकांनी एकमेकींना पेढे भरवले, हैबतीनं मुंडासं काढून पुन्हा बांधलं. पत्राच्या आशेनं आजूबाजूच्या वाड्यांतून आधीच आणून ठेवलेल्या हिरड्यानं अंगण भरून गेलं होतं.

“आता नीट बघा आणि शिका,” आनंदराव राशीपुढं मांडी घालत म्हणाले. “दोनशे गोण्या मला एकट्याला निवडणं व्हायचं नाही. साधी गोष्ट आहे. रंग बघायचा. पिवळाधमक असला की गोणीत, डाग दिसला की मागं.”

त्यांनी पहिला हिरडा उचलून गोणीत टाकला. दुसरा मागं फेकला. बायका भामाबाईच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

भामाबाई घरात गेली. ताकाचा तांब्या घेऊन आली, तो आनंदरावांपुढं ठेवायला म्हणून वाकली आणि कमरेची चंची सोडून घडी घातलेले कागद तिनं हळूच त्यांच्या हातात दिले.

“सायेब, मागल्या खेपंचं तुमचं ह्ये हितंच ऱ्हायलं व्हतं,” ती त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

“कुठं सापडलं?”

“किडक्या मालात. माल समदा चुलीत घातला. पर कागद कामाचं आसतील म्हणून ठिवलं.”

आनंदरावांनी घड्या उलगडल्या. तीन चिठ्ठ्या होत्या. तिन्हींवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : ‘माल नंबर एक. निवड – आनंदराव.’