निळी रिम

जुन्या जीपच्या रिमांचा ढीग दाखवत भंगारवाला सलीम म्हणाला, “वरून सगळ्या सारख्याच दिसतात, आबा. नीट बघून घ्या.”

मुलगा भांडून घरची जीप घेऊन गेला, तो परतलाच नव्हता. आबांनी आता दुसरी जुनी जीप घेतली होती. तिला बसेल अशी जाड पत्र्याची रिम उचलून त्यांनी आतली माती खरवडली. खाली निळा रंग निघाला. गंजू नये म्हणून दसऱ्याला घराच्या दाराचा उरलेला रंग मुलानेच रिमांना आतून लावला होता.

“ही कुठून आली?”

“घाटाखालच्या दरीतून. बाकीच्या तीन पार चेपल्यात.”

आबा रिम मांडीवर घेऊन खाली बसले.

“मजेत असेल तो. आपली आठवण कशाला काढेल?” असं सकाळीच ते बायकोला म्हणाले होते.