चौथा मासा

तिसरा गोल्डफिश मेला तेव्हाही बाबा तेच म्हणाले, "रडू नकोस शाल्मली. घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं." शाल्मलीनं डोळे पुसले, त्याला कुंडीत पुरलं आणि शूर माशाला करावा तसा नमस्कार केला.

चौथ्या माशाची पिशवी तिच्या हातात देताना दुकानदारानं विचारलं, "पाणी कसं बदलता?"

"दर रविवारी. थेट नळाचं, एकदम ताजं!" बाबा ऐटीत म्हणाले.

"अहो, त्यातल्या क्लोरीननंच मरतात ते! मासा नेण्याआधी विचारायचं तरी!"

बाबा ओशाळून हसले. शाल्मलीला तीन कुंड्यांपुढे जोडलेले आपले हात आठवले.

तिनं पिशवी परत काउंटरवर ठेवली. "काका, याला इथंच राहू दे," ती बाबांकडे न बघता म्हणाली. "संकट आमच्याच घरी राहतं."