सुटे भाग

वाडीच्या भाड्याच्या खोलीत प्रशिक बाजारात न आलेल्या फोनबद्दल व्हिडिओ करायचा. कारखान्यातून गुपचूप बाहेर पडलेले सुटे भाग कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि फोन कसा दिसेल याचे अंदाज बांधायचे. तेच ते बोलून त्याचा घसाच नाही, मनही थकलं होतं. बायकोशी, नंदिनीशी बोलायला शब्दच उरत नसत.

आजच्या पाकिटात धातूची चौकट आणि मागची काच निघाली. दोन्ही जोडून त्यानं टेबलावर ठेवली, तशी ती थरथरू लागली.

"अहो, फोन वाजून राहिला," ओट्यापाशी कणीक मळणारी नंदिनी म्हणाली.

"त्याच्यात काहीच नाही वं. नुसतं खोकं आहे."

थरथर थांबेना. हात पुसत ती आली आणि चौकट उचलून तिनं कानाला लावली. ऐकता ऐकता तिचा चेहरा निवळला. कितीतरी दिवसांत तो असा निवळला नव्हता.

"जेवले का तुम्ही?" तिनं हळूच विचारलं.

"नंदिनी, कोन आहे?" प्रशिकचा आवाज चिरकला.

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि हातानंच त्याला अडवलं.

"थांबा जरा, भाऊ," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचा फोन आहे."