कोऱ्या कागदावरची सही

"आणि समजा, आधी सही करून ठेवली आणि मजकूर नंतर घातला, तर?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

महांतेश हसला. "मॅडम, तेच तर ह्या डिजिटल सहीत जमत नाही. कोऱ्यावर सही होतच नाही. रिपोर्ट पूर्ण पाहिजे. सही झाल्यावर एक आकडा जरी हलवला, तरी सही मोडली म्हणून कॉम्प्युटर सांगतो."

"सहीचं ते कार्ड कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या कुणी घातलं तर?"

"पासवर्ड एकट्या साहेबांना माहीत असणार. ते समोर बसणार, रिपोर्ट उघडणार, वाचणार, मग सही."

"वाचणार," बाई म्हणाल्या आणि काचेच्या नळ्यांकडे वळल्या.

बीडमधली ही पाणी तपासायची प्रयोगशाळा सुंदररावांची. बाई तिथल्या केमिस्ट. पाणी त्या तपासत, रिपोर्टवर सही मात्र सुंदररावांची लागे. आता बाहेरच्या कंपन्या मराठवाड्यात येऊ लागल्या होत्या. त्यांची कामं मिळवायची तर सही डिजिटल हवी, म्हणून ती बसवायला सुंदररावांनी लातूरहून महांतेशला बोलावलं होतं. उद्यापासून कागद बंद. आज सुंदरराव लग्नाला चौसाळ्याला गेले होते.

वायर ओढायला महांतेश खाली वाकला, तेव्हा टेबलाचा खण अर्धा उघडा होता. आत प्रयोगशाळेचं नाव छापलेले कागद होते. कोरे. प्रत्येकाच्या तळाशी हिरव्या शाईत सुंदररावांची सही.

"हे काय, मॅडम?"

"साहेब सारखे बाहेर असतात. जाताना थप्पीवर सह्या करून जातात. वरचं मी छापते."

"म्हणजे तुम्ही छापाल ते साहेबांचं?"

"पहिल्यापासून असंच चालतं इथं."

महांतेश उठून उभा राहिला. मांडणीवर पाण्याच्या बाटल्या होत्या. एकीवरची चिठ्ठी वाचून तो थबकला.

"पळसवाडी?"

"तिथली सार्वजनिक विहीर. खताच्या कारखान्याचा नाला शेजारूनच जातो."

"माझी बहीण दिलीय तिथं. रुद्राणी. लेकरू अजून मांडीवरचं आहे. अंगावरचं दूध पुरत नाही, म्हणून पावडर त्याच पाण्यात कालवते. लेकराचे ओठ निळे पडायलेत म्हणत होती."

बाईंचा हात थांबला. नळीतलं पळसवाडीचं पाणी गडद पिवळं झालं होतं.

"पिवळं म्हणजे चांगलं का वाईट?" त्यानं विचारलं.

"जितकं गडद तितकं वाईट."

त्यांनी नळी खिडकीच्या उजेडात धरली, क्षणभर पाहिली. मग बेसिनमध्ये ओतली आणि धुऊन उपडी घातली.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. खत कारखान्याचे मालक अमरसिंह पेढ्यांचा पुडा घेऊन आत आले.

"काय मॅडम, झालं का आमचं काम?"

"होत आलंय."

"लोकं उगं बोंबा मारायलेत, कारखाना बंद करा म्हणून. पाणी चांगलं हाय म्हणून कागद निघंल, असा सुंदररावांनी शब्द दिलाय. तुमाला बोललेत ना ते?"

"बोललेत."

"मग झालं तर. ते उद्या कॉम्प्युटरचं काय लफडं चालू व्हायलंय म्हणं. त्याच्या आदी होऊ द्या."

"त्याच्या आधीच होईल. आजच्या टपालानं कलेक्टर कचेरीत जाईल, आणि गावातही."

"लई बेस! घ्या, तोंड गोड करा. ए पोरा, तू पण घे बे."

बाईंनी पेढा घेतला. महांतेशनं घेतला नाही.

जीप गेल्यावर तो सरळ फोनपाशी आला. "मॅडम, आजच सुरू करू. साहेबांना बोलावतो. चौसाळा काय लांब न्हाई."

"त्यांनी शब्द दिलाय. ऐकलंत ना?"

"शब्द देणं सोपं असतंय. खोट्या रिपोर्टवर स्वतःच्या कार्डानं सही करायची म्हटलं की हात कापतो. ती सही नाकारता येत न्हाई. ह्या कोऱ्या कागदाचं काय? उद्या म्हणतील, बाईंनी छापलं, मला काय माहीत."

"हो, तसं म्हणतील."

त्यानं रिसीव्हर उचलला. बाईंनी फोनच्या खटक्यावर हात ठेवला.

"उद्यापासून," त्या म्हणाल्या.

"कावून?"

"लग्नातून माणसाला उठवू नये."

"माझं भाचरू पितंय ते पाणी!"

"ऐकलं मी."

त्यांनी हात काढला नाही. महांतेशनं रिसीव्हर आदळला आणि पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, उरलेली वायर पिशवीत कोंबायला लागला. बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. न चुकता, सावकाश टाइप केलं. मग खणातून वरचे दोन कागद काढले आणि एकेक करून प्रिंटरला लावले. प्रिंटर करकरू लागला.

"एवढं शिकून हे करायचं?" तो दारातून म्हणाला. "उद्या आल्यावर ती थप्पी मी माझ्या हातानं फाडणार."

"फाडा. उद्या तिचा काही उपयोग नाही." बाईंनी दोन पाकिटांवर पत्ते लिहिले. "पोस्ट तुमच्या वाटेवर आहे. टाकाल?"

"मी हात लावणार न्हाई त्याला."

"मग वाचून तरी बघा. एखादा आकडा चुकला असेल."

महांतेशनं कागद प्रिंटरमधून हिसकून घेतला. नायट्रेट एकशे ऐंशी, मर्यादा पंचेचाळीस. त्याची नजर घसरत तळाच्या हिरव्या सहीवर गेली आणि तिच्या बरोबर वरच्या ओळीशी थांबली.

पाणी पिण्यास अयोग्य. तान्ह्या मुलांना आजपासून देऊ नये.