सतरा नंबरची कुंडी

सतरा नंबरची कुंडी रिकामी होती आणि तपासणी सोमवारी होती. मधे फक्त एक रविवार होता.

उत्कर्षाने पुन्हा मोजलं. संशोधन केंद्राच्या काचघरात ज्वारीच्या कुंड्या चोवीस, रोपं तेवीस. घाबरून मोजलं तरी संख्या वाढत नाही, हे एम.एस्सी.ला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ही ज्वारी साधी नव्हती. तिच्यात जेलीफिशचं एक जनुक बसवलेलं होतं. निळी बॅटरी मारून पिवळ्या चष्म्यातून पाहिलं की रोप हिरवं चमकायचं. साधी ज्वारी त्याच उजेडात काळपट लाल दिसते. आज चमकणारं जनुक, उद्या दुष्काळ सोसणारं, असा सुरेंद्र सरांचा बेत होता. त्यांच्या हाताखाली उत्कर्षाचं दोन वर्षांचं प्रशिक्षण चाललेलं. त्यातलं पहिलं वर्ष तिने कणसं तळहातावर मळून दाणे निवडण्यात घालवलं होतं. प्रशिक्षण पुरं झालं तर पीएच.डी.; ते नाही झालं तर निर्मल गावात लाकडी खेळण्यांचं दुकान असलेलं एक स्थळ तयारच बसलं होतं.

दारावर पाटी होती: इथलं काहीही बाहेर जाणार नाही. मेलेलं रोपसुद्धा पिशवीत बंद करायचं, शिक्का मारायचा, भट्टीत जाळायचं, रजिस्टरात लिहायचं. नियम मोडला तर हकालपट्टी आणि खटला, असं सरांनी पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितलं होतं. चहा त्यांनी पुरा संपवला. उत्कर्षाचा तसाच राहिला.

सतरा नंबर दसऱ्याच्या सुटीत वाळलं. पाण्याची पाळी उत्कर्षाची होती. घाबरून तिने ते उपटलं आणि मागच्या उकिरड्यावर फेकलं. तासाभराने भान आल्यावर पिशवी आणि शिक्का घेऊन ती धावली, तर तिथे माळी फकिराची शेळी रवंथ करत उभी. शेळीला शिक्का मारून भट्टीत घालण्याची तरतूद नियमांत नव्हती.

फकिराला सांगावंच लागलं. त्याने आधी शेळीचं दूध चमकेल काय ते विचारलं. नाही म्हटल्यावर त्याच्यापुरता विषय मिटला.

"ताई, तुमी काऊन एवढ्या भिऊन राह्यल्या? जवारी ते जवारी. तुमच्या वावरात नाही का?"

"ती चमकत नाही, फकिराकाका."

"मांगच्या सायेबानं कुठं चमकवून पाह्यली? कुंड्या मोजल्या, चहा पेला, गेला."

हे मात्र खरं होतं. शनिवारी ती आपल्या गावच्या, तलमडुगुच्या बसमध्ये बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत मळलेला पांढरा कोट. कोटही नियमाने केंद्रातच धुवायचा. पण तिथलं धुलाईयंत्र ती रुजू झाल्यापासून बंद होतं आणि दुरुस्तीचा अर्ज विचाराधीन होता. म्हणून दर शनिवारी सगळ्यांचे कोट आपापल्या घरी जायचे. पाटीवर 'काहीही' लिहिलं होतं, पण कपड्यांचं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

रात्री तिला झोप लागली नाही. डोळा लागला की कुणीतरी तेवीसपर्यंत मोजायचं आणि थांबायचं.

सकाळी सोजरबाईंनी नेहमीप्रमाणे लेकीच्या कोटाचे खिसे उलटे करून झटकले. पेनांची टोपणं काय, चिठ्ठ्या काय, कणसांचा भुसा काय; एवढी शिकलेली पोर आणि खिसे गुराख्याचे, असं पुटपुटत त्यांनी कोट भिजत घातला. उत्कर्षाने ज्वारीचं वीतभर रोप मागितलं. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. शिकलेल्या माणसांना काहीही लागतं.

"मागल्या धुऱ्याकडची ने," त्या शेताच्या मागच्या बांधाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "तिथलं बी निराळं हाय. मागल्या दिवाळीत मूठभर होतं, आता पाह्य. शेजारच्या बयनाबाईनं पायलीभर मागून नेलं. नेरडीगोंड्याच्या तुह्या मामानं तर एकरभर पेरलं. तुह्याच नशिबाची जवारी हाय ते, बाई."

दूध उतू गेलं तरी सोजरबाई ते लेकीच्या नशिबाशी जोडायच्या. उत्कर्षाने हूं म्हटलं. तिचं लक्ष मुळं न तुटण्याकडे होतं.

वाटेत खळ्याजवळ एक दाणा पडलेला होता. सोजरबाईंनी तो उचलला, कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला. त्यांच्या घरात सापडलेला दाणा कुणी झाडूने लोटत नाही. तो मातीत घालायचा, ही सासूची शिकवण.

सोमवारी सतरा नंबरच्या कुंडीत रोप ताठ उभं होतं. हैदराबादहून तपासणीला आलेल्या पांडुरंगरावांनी कुंड्या मोजल्या. चोवीस. चहा आला. दारातून फकिराने मान डोलावली, म्हणजे झालंच.

पांडुरंगरावांनी चहा बाजूला ठेवला आणि बॅगेतून निळी बॅटरी काढली.

"पडदे ओढून घ्या," ते म्हणाले.

अंधार झाला. एकेक पिवळा चष्मा सुरेंद्र सरांना आणि उत्कर्षाला मिळाला. पहिलं रोप हिरवं चमकलं. दुसरं. तिसरं. प्रत्येक रोपाला पांडुरंगराव तेलुगूत "सरे", म्हणजे ठीक, म्हणून खूण करत होते. दहा. बारा. उत्कर्षाने टेबलाची कड धरली. आधीच कबूल करावं, शेळीपासून सगळं सांगावं, असं मनात आलं, पण तोंड उघडेना. सोळा. तिने डोळे घट्ट मिटले.

"सरे," पांडुरंगराव म्हणाले.

हे सोळाचं की सतराचं, तिला कळेना. पुन्हा एकदा "सरे" ऐकू आलं. मग आणखी एकदा.

तिने डोळे उघडले. पांडुरंगराव एकोणिसाव्या कुंडीवर वाकले होते, आणि त्यांच्या बॅटरीच्या कडेच्या उजेडात मागल्या धुऱ्याकडची जवारी हिरवीगार चमकत होती.