पंप चालू झाला

धरणावरच्या केबिनवाल्या बोटीत पाहुणे यायला अर्धाच तास उरला होता, आणि बाथरूममधलं आंघोळीचं पाणी काही केल्या बाहेर जात नव्हतं. वायरमन दिनेशने पॅनल उघडून फ्यूज बघितला, वायरी तपासल्या.

"करंट बरोबर येऊन राह्यला, गुणवंतभाऊ. पंपाच्या डब्यातच काईतरी अडकलं." त्याने फरशीखालच्या डब्याचं झाकण उचललं आणि नाक दाबून मागे सरकला. "मी लायटीचा माणूस आहो. यात हात नाई घालत बाप्पा!"

"बुधरी, तू काढ," मॅनेजर गुणवंतराव झाडणाऱ्या बाईला म्हणाले. "पाहुणे वापस गेले, तं उद्यापासून तू येऊ नको."

काठावर सासूच्या कडेवर बुधरीची पाच महिन्यांची लेक भुकेने रडत होती. बुधरीने कोपरापर्यंत हात घातला. केसांचे चिकट गुंते, शाम्पूच्या पुड्या, कोणीतरी थुंकलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा, सगळं ओंजळीओंजळीने बाहेर आलं. पंप घरघरला. गुणवंतराव खूश झाले.

तिने साबणासाठी बेसिनकडे हात नेला, तसे ते ओरडले, "अवं, त्याले हात नको लावू! पाहुण्यायचं व्हय ते. धरणात धुऊन घे."

लेकीला पाजायचं होतं. ती घाईघाईने बोटीच्या कडेला वाकली.



पंप आतलं सगळं काळं पाणी कडेच्या नळीतून तिथेच, तिच्या हातांवर, ओतत होता.