बोटभर पाणी

सकाळी सव्वासातला मुलींची शंभर मीटर पोहण्याची शर्यत संपली आणि फलकावर जुन्या विक्रमापेक्षा कमी वेळ झळकली.

जुना विक्रम मुख्य पंच बाईंचा. एकवीस वर्षं तो कुणाच्या हाती लागला नव्हता. बाई नव्या पोरींना ऐकवत, "जोर वाढवाल तसं पाणी दुपटीनं आडवं येतं. बाईच्या देहाला यापुढे वाट नाही." आज वाट काढणारी त्यांच्याच धाकट्या बहिणीची मुलगी निघाली. तिला शिकवलंही बहिणीनंच.

"तलाव मोजल्याशिवाय विक्रम मान्य होत नाही," बाई कोरडेपणानं म्हणाल्या.

"मोज की, ताई. तुझ्या पोटात काय दुखतंय ते सगळ्यांना कळतंय."

मोजणीदार आला. शेवटच्या भिंतीवर एक पाटी टांगलेली होती. हात लागला की घड्याळ थांबवणारी. मोजायची फीत नीट बसावी म्हणून त्यानं ती काढून ठेवली आणि मोजलं. बरोबर पन्नास मीटर, केसाचाही फरक नाही. बहिणीनं टाळी वाजवली.

"पाटी का काढली?" बाईंनी विचारलं. "पोरगी पाटीला शिवली, भिंतीला नाही. लावून मोजा."

पाटी बोटभर जाड. तेवढा तलाव आखूड भरणार आणि विक्रम बाद होणार, हे काठावरच्या सगळ्यांना कळलं. बहिणीचा चेहरा उतरला.

मुलगी अजून पाण्यातच होती, दोरीला धरून. तिनं डोक्यावरची टोपी ओढून काढली.

"मावशी, तूसुद्धा याच तलावात पोहलीस ना? याच पाटीला शिवलीस ना?"

बाईंची नजर पाटीकडे गेली.

"तेव्हा तलाव कुणी मोजलाच नव्हता," बहीण सावकाश म्हणाली. तिचा आवाज परत धारदार झाला होता. "मोज, ताई. माझ्या पोरीचा गेला तर तुझाही राहत नाही. अर्ज मी आजच देते."

"धमकी देतेस?"

"नियम सांगते. तुझ्याकडूनच शिकले."

नियमाप्रमाणे फितीचं एक टोक मुख्य पंचांनी धरायचं असतं. आठ वाजता पाटी परत टांगलेली होती, फीत पाण्यावर ताणलेली होती आणि पलीकडच्या काठावर मोजणीदार वाकून उभा होता.

"बाई, टेकवा!" तो दुसऱ्यांदा ओरडला.

बाईंच्या मुठीतलं टोक पाटीपासून अजून वीतभर दूर होतं.